सागरी विषयात पीएच.डी. : विद्याशाखेच्या निवडीपासून मौखिक परीक्षेपर्यंत

सागरी विषयात पीएच.डी. करू इच्छिणारे लोक साधारणपणे तीन वाटांनी येतात. इतिहास किंवा पुरातत्त्वात एम.ए. केलेले आणि जलदुर्गांच्या, मराठा आरमाराच्या ओढीने आलेले विद्यार्थी ही पहिली वाट. मर्चंट नेव्हीत बरीच वर्षे काढून आता किनाऱ्यावर स्थिरावू पाहणारे अधिकारी ही दुसरी. कायदा, अर्थशास्त्र, भूगोल किंवा संरक्षणशास्त्र शिकून बंदरे, मासेमारी आणि हिंदी महासागराचे राजकारण यांकडे वळलेले तरुण ही तिसरी. या तिघांनाही विषयाबद्दल आस्था असते, वाचनही बऱ्यापैकी झालेले असते. पण पदवी कोणत्या विभागाकडून मिळणार आणि पुरावा कुठून आणणार, या दोन प्रश्नांचा विचार बहुतेकांनी केलेला नसतो. पुढील विवेचनाचा भर म्हणूनच विषयाच्या मोहापेक्षा या दोन प्रश्नांवर ठेवला आहे.

विद्याशाखा आधी, विषय नंतर

भारतातील बहुतेक विद्यापीठांत 'सागरी अभ्यास' नावाचा स्वतंत्र विभाग आढळत नाही. नोंदणी इतिहास, पुरातत्त्व, विधी, अर्थशास्त्र, व्यवस्थापन, समाजशास्त्र किंवा अभियांत्रिकी यांपैकी एखाद्या शाखेत होते, आणि प्रबंध तपासणारे परीक्षकही त्याच शाखेचे असतात. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराचे उदाहरण घेऊ. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये या बंदराला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला त्याची पायाभरणी झाली. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी हा डहाणू परिसरातील मच्छीमारांच्या उपजीविकेचा प्रश्न आहे. विधीच्या विद्यार्थ्यासाठी तो पर्यावरणीय परवान्यांचा आणि न्यायालयीन आदेशांचा आहे, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी जवाहरलाल नेहरू बंदराच्या मालवाहतुकीवर होणाऱ्या परिणामाचा, तर सागरी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासाठी गाळाच्या वहनाचा आणि भरावाचा आहे. एकाच प्रबंधात हे चारही प्रश्न हाताळण्याचा मोह अनेकांना होतो, आणि असा आराखडा प्रवेशसमितीपुढे टिकत नाही, कारण समितीतील प्रत्येक सदस्याला आपल्या शाखेपुरता तो उथळच वाटतो.

शाखा ठरवताना आपली पदव्युत्तर पदवी कोणती आहे, यापेक्षा आपल्याला कोणत्या प्रकारचा पुरावा हाताळता येतो, हे पाहावे. ज्याला आकडेवारीची भीती वाटते त्याने बंदर-अर्थशास्त्राच्या वाटेला जाऊ नये. ज्याला महिनोन्महिने अभिलेखागारात बसवत नाही त्याने आरमाराचा इतिहास हौसेपुरताच ठेवावा, हे स्पष्टच सांगितलेले बरे.

शाखा ठरली की संस्थांची यादी आपोआप आटोपशीर होते. नौवहन, बंदर व्यवस्थापन आणि सागरी तंत्रज्ञान यांसाठी २००८ साली स्थापन झालेले आणि चेन्नईला मुख्यालय असलेले भारतीय सागरी विद्यापीठ आहे, ज्याचे परिसर मुंबई आणि नवी मुंबईतही आहेत. महासागर अभियांत्रिकीसाठी मद्रास आणि खरगपूर येथील आयआयटी, तर जहाजतंत्रज्ञानासाठी कोचीनचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ प्रसिद्ध आहे. पुरातत्त्वासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे. सागरी पुरातत्त्वात काम करायचे असल्यास दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे पाहावे लागते, कारण द्वारकेच्या पाण्याखालील उत्खननापासूनची परंपरा तेथे आहे. आरमार आणि व्यापाराचा इतिहास हा मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि गोवा या विद्यापीठांच्या इतिहास विभागांत करता येतो. हिंदी महासागरातील सामरिक प्रश्नांसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग उपयोगी पडतो. परदेशात जाण्याची तयारी असेल तर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८३ साली स्वीडनमधील माल्मो येथे स्थापन केलेल्या जागतिक सागरी विद्यापीठाचा पीएच.डी. कार्यक्रम विचारात घ्यावा. मात्र तेथे खर्चाची तजवीज हाच पहिला अडथळा असतो.

साधने कुठे आहेत आणि ती वाचता येतील का

विषय निश्चित करण्याआधी साधनांची पाहणी करावी. बरेच विद्यार्थी नेमका याच्या उलट क्रम लावतात आणि नोंदणीनंतर दोन वर्षांनी त्यांच्या लक्षात येते की हवी ती कागदपत्रे आपल्याला न येणाऱ्या लिपीत आहेत, किंवा हवी ती आकडेवारी एखादी खासगी कंपनी भरमसाट किंमत लावून विकते.

मराठा आरमाराचेच पाहा. 'मराठा आरमाराचा इतिहास' हा विषय प्रबंधासाठी अजिबात चालणार नाही, कारण त्यात कल्याण-भिवंडीच्या पहिल्या जहाजबांधणीपासून कान्होजी आंग्र्यांपर्यंत आणि पुढे पेशवाईच्या अखेरीपर्यंतचा सारा पसारा येतो. १७५६ साली विजयदुर्ग आंग्र्यांच्या हातून गेला आणि पुढे तो पेशव्यांकडे आला. त्यानंतर तेथील सुभ्याचे आरमार धुळप घराण्याच्या हाताखाली होते, आणि १७८३ च्या एप्रिलमध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांच्या 'रेंजर' जहाजाशी व त्याच्या सोबतच्या जहाजांशी रत्नागिरीजवळ केलेली लढाई प्रसिद्ध आहे. लढाईवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण या आरमाराचा वर्षाचा खर्च कोणत्या महसुलातून भागत होता, तांडेल (नावेवरचे प्रमुख) आणि खलाशी यांचा पगार कसा दिला जाई, पावसाळ्यात गलबते आणि गुराबे (लहान-मोठी लढाऊ जहाजे) ओढून ठेवल्यावर माणसांचे काय होई, हे प्रश्न घेतले तर तीन वर्षांत आटोपणारा आणि तरीही नवे काही सांगणारा विषय हाती येतो.

आता या विषयाची साधने पाहू. पुण्याच्या अभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत आणि त्यांतील कागद मोडीत आहेत. छापील निवडक खंड उपयोगाचे आहेत, पण संपादकांनी निवड करताना राजकीय पत्रव्यवहाराला झुकते माप दिले असल्याने हिशेबाचे कागद बहुतांशी अप्रकाशित राहिले. विरुद्ध, म्हणजे इंग्रजांच्या, बाजूची साधने मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात, पब्लिक डिपार्टमेंट आणि सिक्रेट अँड पोलिटिकल डिपार्टमेंट यांच्या डायऱ्यांमध्ये सापडतात. त्या इंग्रजीत असल्या तरी अठराव्या शतकातील हस्ताक्षराची सवय व्हायला काही आठवडे जातात. पोर्तुगीज बाजू पाहायची तर पणजीच्या अभिलेखागारातील 'मोन्सोइंश दु रेइनु' या पत्रसंग्रहाला पर्याय नाही. मोसमी वाऱ्यांबरोबर लिस्बन आणि गोवा यांदरम्यान ये-जा करणाऱ्या जहाजांतून गेलेला-आलेला हा पत्रव्यवहार आहे.

यावरून निघणारा हिशेब सरळ आहे. मोडी येत नसेल तर नोंदणीच्या आधीच शिकावी. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, शिवाय अनेक संस्था आणि मंडळेही घेतात. मात्र वर्ग पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणि घसटीत लिहिलेला जमाखर्च वाचता येणे यांत बरेच अंतर आहे, म्हणून वर्गानंतर किमान सहा महिने रोज एखादा कागद वाचण्याचा सराव ठेवावा. पोर्तुगीज शिकण्याची सोय गोवा विद्यापीठात आहे, पण आधुनिक भाषा आल्याने सतराव्या शतकातील हस्तलिखित लगेच वाचता येईल असे नाही. दोन्ही भाषा-लिप्या एकाच प्रबंधासाठी पहिल्यापासून शिकण्याचा बेत करू नये. एकीवर प्रभुत्व मिळवावे आणि दुसरीसाठी छापील अनुवादांवर भागवावे, आणि तसे प्रस्तावनेत प्रांजळपणे लिहावे.

घरबसल्या मिळणारी साधनेही आता पुष्कळ आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर स्कॅन केलेल्या फायली पाहता येतात. इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधील ब्रिटिश खात्याच्या) कागदपत्रांपैकी इराणच्या आखाताशी संबंधित मोठा भाग 'कतार डिजिटल लायब्ररी'वर विनामूल्य आहे, आणि त्या व्यवहारांचा कारभार मुंबई सरकारच्या हाती असल्याने मुंबईच्या अभ्यासकाला त्यात अनपेक्षित काही सापडू शकते. डच ईस्ट इंडिया कंपनीची हेगमधील कागदपत्रेही मोठ्या प्रमाणावर डिजिटल झाली आहेत. वेंगुर्ल्याच्या डच वखारीवर कोणी काम करू इच्छित असेल तर हेगला न जाताही आरंभ करता येईल. डच भाषा मात्र शिकावीच लागेल.

समकालीन विषयांची साधने निराळी असतात आणि त्यांचे धोकेही निराळे. बंदरांच्या मालवाहतुकीची आकडेवारी केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक आणि जलमार्ग मंत्रालय प्रसिद्ध करते, जागतिक चित्रासाठी संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचा सागरी वाहतुकीवरील वार्षिक अहवाल असतो. जहाजांच्या हालचालींचा स्वयंचलित ओळख प्रणालीतून मिळणारा तपशील मात्र बहुधा विकत घ्यावा लागतो, आणि तो विद्यापीठ घेऊन देईल का, हे आधीच विचारलेले बरे. आकडे जसेच्या तसे उचलण्यातही सावधगिरी हवी. भारताच्या किनाऱ्याची लांबी अनेक वर्षे ७,५१६ किलोमीटर सांगितली जात होती, आता ती ११,०९८ किलोमीटरहून अधिक सांगितली जाते. किनारा वाढलेला नाही. अधिक बारकाईच्या नकाशांवरून, खाड्यांची वळणे धरून मोजणी झाली आहे. 'दर किलोमीटरमागे अमुक मच्छीमार' अशी गणिते मांडणाऱ्याने आपण कोणती लांबी वापरली हे सांगितले नाही, तर त्याच्या निष्कर्षाला काहीच अर्थ उरत नाही.

कायद्याच्या अभ्यासकांनीही तारखा जपाव्यात. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याची जागा घेणारा नवा कायदा आणि नवा भारतीय बंदरे कायदा हे दोन्ही २०२५ साली संसदेने मंजूर केले. जहाजतोडणीसंबंधीचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाला. जुन्या कायद्यांवर बेतलेला आराखडा आज सादर केला तर पहिलाच प्रश्न यावर येईल.

पात्रता आणि प्रवेश

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के गुण, किंवा चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण अशी अट आहे, आणि राखीव प्रवर्गांना सवलत आहे. एम.फिल. बंद झाले आहे, त्यामुळे तो टप्पा कोणी सुचवला तर दुर्लक्ष करावे. प्रवेश विद्यापीठाच्या पेट (पीएच.डी. प्रवेश) परीक्षेतून किंवा नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर मिळतो. २०२४ पासून नेटमध्ये केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरवणारा तिसरा गटही आहे, आणि त्या गुणांची मुदत एक वर्षाची असते. प्रवेशाची जाहिरात आणि गुणांची मुदत यांचा मेळ बसतो का, हे पाहूनच परीक्षेचे सत्र निवडावे.

मर्चंट नेव्हीतील अधिकाऱ्यांसाठी येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. मास्टर (जहाजाचा कप्तान) किंवा चीफ इंजिनिअर यांचे सक्षमता प्रमाणपत्र हा जहाजावर त्या पदाचे काम करण्याचा परवाना आहे, ती विद्यापीठाची पदवी नव्हे. ते पदव्युत्तर पदवीला समकक्ष मानले जाईलच असे कोणीही तोंडी सांगितले तरी त्यावर विसंबू नये. ज्या विद्यापीठात प्रवेश हवा आहे त्याच्या कुलसचिव कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. बहुतेकांच्या बाबतीत आधी सागरी व्यवस्थापनातील किंवा सागरी कायद्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करणे हाच निर्वेध मार्ग ठरतो. दुसरी अडचण हजेरीची. नियमांप्रमाणे अर्धवेळ पीएच.डी. करता येते आणि त्यासाठी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, परंतु दूरशिक्षण पद्धतीने किंवा केवळ ऑनलाइन पीएच.डी. करता येत नाही. म्हणून कोर्सवर्कचे (पहिल्या वर्षातील सक्तीच्या अभ्यासक्रमाचे) सत्र सुरू होण्याच्या वेळी आपण किनाऱ्यावर असू, अशा बेताने जहाजावरचा करार करावा.

मार्गदर्शक

सागरी विषयातील नामवंत व्यक्तीच मार्गदर्शक म्हणून मिळावी, असा हट्ट धरण्याचे कारण नाही. आपल्या पद्धतीची जाण असलेला आणि वेळेवर प्रकरणे वाचून देणारा प्राध्यापक, त्याचा स्वतःचा विषय किनाऱ्यापासून दूर असला तरी, अधिक उपयोगी पडतो. विषयातील तज्ज्ञाला सहमार्गदर्शक म्हणून घेता येते. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, तेव्हा जागा रिकामी आहे का हे मुलाखतीआधीच विचारावे. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. ज्यांना साडेतीन-चार वर्षे उरली आहेत त्यांच्याकडे नोंदणी करताना पुढची व्यवस्था काय, हे संकोच न करता बोलून घ्यावे.

मार्गदर्शकांना पहिले पत्र पाठवताना 'मला समुद्राविषयी लहानपणापासून आकर्षण आहे' असली वाक्ये टाळावीत. प्रश्न काय आहे, कोणती साधने प्रत्यक्ष पाहिली आहेत आणि त्यांच्या कोणत्या लेखनाशी हा प्रश्न जोडलेला आहे, एवढे एका पानात लिहावे. त्यांचे विद्यार्थी पूर्वी कोणत्या विषयांवर काम करून गेले हे 'शोधगंगा' या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पाहता येते, आणि त्याच वेळी आपल्या विषयावर कोणी आधीच प्रबंध लिहिला आहे का, याचाही शोध घेता येतो.

संशोधन आराखडा

आराखड्यात सर्वांत जास्त श्रम संशोधन-प्रश्नावर आणि साधनांवर घ्यावेत. 'कोकणच्या सागरी वारशाचा चिकित्सक अभ्यास' अशा शीर्षकात प्रश्न कोठेच नसतो. प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर 'नाही' असेही येऊ शकेल. उदाहरणार्थ, विजयदुर्ग सुभ्याच्या आरमारावरील खर्च अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत घटला का, आणि घटला असल्यास तो दरबारच्या धोरणामुळे की महसुलाच्या तुटीमुळे? यात काळ ठरलेला आहे, प्रदेश ठरलेला आहे, आणि कोणते रुमाल उघडायचे हेही त्यातूनच ठरते. पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे पुस्तकांची जंत्री नव्हे. कोणी काय म्हटले आणि ते कुठे अपुरे पडते, हे दोन-तीन पानांत आले की पुरे.

मच्छीमार, खलाशी किंवा जहाजतोडणी कामगार यांच्या मुलाखतींवर काम आधारलेले असेल तर संमतिपत्र, नावांची गुप्तता आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता यांचा उल्लेख आराखड्यातच करावा. खलाशी कंपनीविरुद्ध उघडपणे बोलला तर त्याचा पुढचा करार धोक्यात येऊ शकतो, याची जाणीव प्रश्नावली तयार करताना ठेवावी लागते. नौदलाशी संबंधित स्वातंत्र्योत्तर विषय घेणाऱ्याने कोणते कागद गोपनीयतेतून मुक्त झाले आहेत, याची खात्री करूनच कालखंड ठरवावा.

अर्थसाहाय्य

जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता असे दर जानेवारी २०२३ पासून लागू झाले. ते न मिळाल्यास महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती त्या त्या समाजघटकांतील विद्यार्थ्यांसाठी आहेत, आणि भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचीही पूर्णवेळ अधिछात्रवृत्ती आहे. रक्कम हाती पडायला विलंब होतो हे गृहीत धरून किमान सहा महिन्यांच्या खर्चाची सोय स्वतंत्रपणे ठेवावी.

नोंदणीनंतरची वर्षे

किमान कालावधी तीन वर्षांचा आणि कमाल सहा वर्षांचा असून पुनर्नोंदणीने तो वाढवून मिळू शकतो. पहिल्या वर्षात किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) कोर्सवर्क आणि त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा अभ्यासक्रम असतो. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी संगणकावर संदर्भ-व्यवस्थापन शिकण्यासाठी आणि टिपणांची पद्धत बसवण्यासाठी त्याचा उपयोग करून घ्यावा. अभिलेखागारात उतरवून घेतलेल्या प्रत्येक कागदावर त्याच दिवशी दप्तर, रुमाल आणि पृष्ठ यांची नोंद करावी. नंतर आठवणीवर ती पूर्ण करता येत नाही.

क्षेत्रकार्याचे वेळापत्रक समुद्राच्या वेळापत्रकाप्रमाणे लावावे लागते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ असतो. होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी विणण्याची आणि डागडुजीची कामे चालू, आणि माणसे गावातच. मुलाखतींसाठी याहून चांगला काळ नाही. प्रत्यक्ष व्यवहार पाहायचा असेल, ससून डॉकचा पहाटेचा लिलाव किंवा हर्णै बंदरातील सायंकाळचा, तर नारळी पौर्णिमेनंतर जावे. पावसाळ्यात जलदुर्गांपर्यंत होड्या जात नाहीत, तेव्हा मुरूड-जंजिरा किंवा सुवर्णदुर्ग येथील स्थळपाहणी हिवाळ्यात ठेवून, मुलाखतींतून उरणारे पावसाळ्याचे दिवस अभिलेखागारासाठी राखावेत.

दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. ही बैठक औपचारिक मानून दोन पानांत उरकण्याकडे कल असतो, त्यापेक्षा प्रत्येक वेळी एका प्रकरणाचा मसुदा ठेवावा, म्हणजे चौथ्या वर्षी लेखनाचा डोंगर उभा राहत नाही. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमावलीने काढली, तरी काही विद्यापीठे आणि नोकरीच्या निवडसमित्या प्रकाशने पाहतात. पैसे घेऊन आठवड्याभरात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. आयोगाची केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) २०२५ पासून बंद झाल्याने नियतकालिकाचा दर्जा पारखण्याची जबाबदारी आता अभ्यासकावर आणि त्याच्या संस्थेवर आली आहे.

सादरीकरणापूर्वी प्रबंधाची साधर्म्य-तपासणी (वाङ्मयचौर्य शोधण्यासाठी संगणकावर होणारी तपासणी) होते, आणि २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साधर्म्य दंडनीय मानले जात नाही. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की इंग्रजी लेखनाचा भाषांतरित उतारा यंत्राला सापडला नाही तरी परीक्षकाला सापडतो. प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो आणि सादर केल्यापासून मौखिक परीक्षेपर्यंतची प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हावी असा नियम आहे. त्या परीक्षेत सागरी विषयांच्या बाबतीत दोन प्रश्न हमखास येतात : ही साधने एकाच बाजूची नाहीत का, आणि नौकानयनाचा तांत्रिक भाग तुम्हाला कितपत समजला आहे. गुराब आणि गलबत यांतील फरक, भरती-ओहोटीचा बंदराच्या वापरावर होणारा परिणाम, वाऱ्याच्या दिशेनुसार ठरणारा प्रवासाचा हंगाम या गोष्टी तोंडी आणि सोप्या शब्दांत सांगता आल्या पाहिजेत. शक्य असल्यास त्याआधी एखाद्या जाणत्या तांडेलाबरोबर दोन-चार दिवस घालवावेत.

यशस्वी मौखिक परीक्षेनंतर प्रबंधाची प्रत 'शोधगंगा'वर जाते आणि कोणालाही खुली होते. त्यामुळे अभिलेखागारातून घेतलेली छायाचित्रे आणि नकाशे प्रबंधात छापण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते का, हे प्रत सोपवण्यापूर्वी विचारून घ्यावे, आणि मुलाखत दिलेल्यांपैकी कोणाची ओळख तळटिपांतून उघड होत नाही ना, याची एकदा अखेरची तपासणी करावी.